पुरोहिताचा रकाना

विवाहनोंदणीच्या सरकारी अर्जावर वर, वधू आणि साक्षीदार यांच्याबरोबर आणखी एका माणसाची सही लागते. ती लग्न लावणाऱ्याची. माझ्या लग्नाआधी हा अर्ज आणायला मी गेले, तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने विचारले, "भटजी कोण आहेत?" मी म्हटले, "भटजी नाहीत." त्याने मान वर केली. "मग लग्न लावणार कोण?"

त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. त्याला रकाना भरून हवा होता. पण मी इतिहास शिकवते. हा प्रश्न पुण्यात 1873 साली विचारला गेला होता, ओतूरला 1884 साली विचारला गेला होता आणि आमच्या वस्तीत तर माझ्या आजीच्या लग्नातही उभा होता. त्या रकान्यात कोणाचे नाव लिहायचे हे ठरवायला मला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत जे वाचले, जे ऐकले आणि जे भांडले, ते येथे मांडते आहे.

आधी आजीचे सांगते. आजीचे लग्न धर्मांतराच्या आधीचे. गावचा जोशी मुहूर्त सांगायचा, पण महारवाड्यात पाऊल टाकायचा नाही. तो ओढ्याच्या अलीकडच्या बांधावर उभा राहायचा, वऱ्हाड पलीकडे. तिथून तो ओरडून काय म्हणायचा ते वारा असेल तसे ऐकू यायचे. मग आजीचा बाप दगडावर पैसे ठेवून मागे सरायचा, जोशी त्यावर पाणी शिंपडायचा आणि पैसे उचलून निघून जायचा. आजी हे हसत सांगायची. "त्याचा आवाज बाटत नव्हता आन् त्याचा पैसाबी बाटत नव्हता," एवढेच तिचे भाष्य. पुरोहितशाहीचे याहून नेमके वर्णन मला एम.ए.च्या कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही.

महात्मा फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. सीताराम जबाजी आल्हाट आणि राधाबाई निंबणकर हे ते वधूवर. ब्राह्मण नाही, संस्कृत नाही, खर्चाचा डामडौल नाही. आपण हे नेहमी 'ब्राह्मणाला वगळून लग्न' असे सांगतो आणि पुढे जातो. पण वगळणे हा त्यातला निम्माच भाग होता. उरलेला निम्मा फुल्यांनी 1887 साली प्रसिद्ध केलेल्या विधींच्या छोट्या पुस्तकात आहे. त्यातल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतः बोलतात. स्त्रीच्या वाट्याला स्वातंत्र्याचा अनुभव कसा येत नाही हे वधू भर मांडवात सांगते आणि आपले हक्क मागते. वर ते कबूल करतो. म्हणजे भटाच्या जागी दुसरा कोणी आणून बसवलेला नाही. ज्यांचे लग्न आहे त्यांच्याच तोंडी, त्यांना कळेल अशा मराठीत, लग्न दिलेले आहे. मी वर्गात हे शिकवते तेव्हा मुली मान खाली घालून लिहिता लिहिता थांबतात.

फुल्यांच्या हयातीतच याची किंमत मोजावी लागली. जुन्नर तालुक्यातले ओतूर माझ्या माहेरापासून एस.टी.ने तासाभराच्या आत. तेथे बाळाजी कुसाजी पाटील यांनी 1884 साली घरची लग्ने ब्राह्मणाशिवाय लावली. गावच्या जोशांनी दावा ठोकला. आम्हाला बोलावले नाही तरी दक्षिणेचा आमचा हक्क बुडत नाही, असे त्यांचे म्हणणे. प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेले आणि अखेर पाटलांच्या बाजूने लागले. तरी न बोलावलेल्या भिक्षुकाच्या दक्षिणेचा प्रश्न कायद्याने मिटायला 1926 साल उजाडले. मुंबई कायदेमंडळात त्यासाठी झटणारे सी. के. बोले म्हणजे 1923 साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव आणणारेच बोले. महाडच्या तळ्याचे पाणी आणि मांडवातली दक्षिणा यांची नाळ अशी एकाच माणसाच्या कामात दिसते.

यात एक गोष्ट मात्र आपल्या लोकांनी नीट पाहायला हवी. ओतूरच्या पाटलावर जोशी दावा लावत होता, कारण पाटील त्याचा यजमान होता. आमच्यावर कोणी दावा लावला नाही. आम्ही यजमान नव्हतोच, दगडावर पैसे ठेवणारे होतो. बहुजनांना पुरोहिताच्या सक्तीतून सुटायचे होते. आम्हाला त्याच्या विटाळातून आणि लोभातून, दोन्हींतून एकदम सुटायचे होते. म्हणून आमची सुटका एका लग्नाने किंवा एका निकालाने होण्यासारखी नव्हती. ती 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात झाली. त्या दिवशी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म न करण्याची प्रतिज्ञा आहे.

आता माझ्या लग्नाकडे येते. माझे होणारे यजमान (हा शब्द आमच्या घरात आता चेष्टेने वापरला जातो) मातंग समाजातले, नगरकडचे, एका साखर कारखान्यात केमिस्ट. त्यांच्या घरी धर्मांतर झालेले नाही. भिंतीवर अण्णा भाऊ साठे आहेत, लहुजी वस्ताद आहेत आणि जेजुरीचा खंडोबाही आहे. माझ्या घरी बुद्ध आणि बाबासाहेब. दोन्ही घरांचा इतिहास गावकुसाबाहेरचाच, तरी दोन्ही वस्त्यांत एकमेकांविषयी काय बोलले जाते ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, होकार दिला तो एका अटीवर. "लग्न बौद्ध पद्धतीनं लागंल." सासूबाईंनीही होकार दिला आणि विचारले, "माझ्या एकुलत्या एका लेकाच्या डोईवर अक्षता न्हाय पडायच्या का?"

विशेष विवाह कायद्याने, 1954 च्या, कार्यालयात जाऊन लग्न करावे असा सल्ला काही मित्रांनी दिला. त्यात तीस दिवसांची नोटीस फलकावर लागते. आंतरजातीय लग्नात ते तीस दिवस कोणाला उपयोगी पडतात हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. शिवाय मला मांडव हवा होता. दोन्ही वस्त्यांतली माणसे एका पंगतीत बसलेली मला पाहायची होती.

म्हणून मी गुरुजींकडे गेले. गुरुजी म्हणजे आमच्या भागातले बौद्धाचार्य, जिल्हा परिषदेचे निवृत्त प्राथमिक शिक्षक, पंचाहत्तरी उलटलेले. धर्मांतरानंतर त्यांच्या वडिलांनी देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले तेव्हा ते आठ वर्षांचे होते आणि टाक बुडताना पाहून रडले होते, हे त्यांनी स्वतःच मला सांगितले. बौद्धाचार्य ही संस्था काय आहे हे समजायला 1936 सालच्या 'जातिनिर्मूलना'च्या निबंधाकडे जावे लागते. पुरोहितगिरी वंशपरंपरेने असू नये, परीक्षा देऊन सनद मिळवणाऱ्यालाच ती करता यावी, त्यांची संख्या कायद्याने मर्यादित असावी, असे बाबासाहेबांनी त्यात मांडले आहे. सरकारने ते केले नाही. ते आपल्या समाजाने, जमेल तसे, शिबिरे भरवून केले. शाळामास्तर, कंडक्टर, गिरणी कामगार हे शिकून बौद्धाचार्य झाले आणि रविवारी पांढरे कपडे घालून गावोगाव लग्ने लावत हिंडले. याचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. तो त्यांच्या वह्यांत पडून आहे.

मी गुरुजींपुढे माझा कागद ठेवला. त्यात मी तीन गोष्टी मागितल्या होत्या. वधूवरांनी फुल्यांच्या पद्धतीने एकमेकांशी आपल्या शब्दांत बोलावे. मुक्ता साळवेचे नाव मांडवात घेतले जावे. आणि वधूच्या प्रतिज्ञा बदलाव्यात.

मुक्ता साळवे ही यांची मागणी होती. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली ही मातंग मुलगी. महार-मांगांच्या दुःखावरचा तिचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदया'त छापून आला, तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. महार आणि मांग हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवून एका मुलीने लिहिले, त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. दोन्हीकडच्या वऱ्हाडाला हे कोणीतरी सांगायला हवे होते. गुरुजींनी ते लगेच मान्य केले, उलट "हे मलाच सुचायला पाहिजे होतं" म्हणाले.

अडले ते तिसऱ्या मागणीवर. आपल्या मांडवात वरवधू ज्या पाच-पाच प्रतिज्ञा घेतात त्यांचे मूळ सिगालोवाद सुत्तात आहे. पतीने पत्नीचा मान राखावा, अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातला अधिकार तिच्याकडे सोपवावा, अलंकार द्यावेत. पत्नीने घरकाम नीट करावे, परिवाराचे आदरातिथ्य करावे, एकनिष्ठ राहावे, पतीने मिळवलेले जपावे, कामात दक्ष आणि निरलस असावे. अडीच हजार वर्षांपूर्वी पतीवर कर्तव्ये घालणारा हा उपदेश मोठा आहे यात शंका नाही. मनुस्मृती शेजारी ठेवून वाचा म्हणजे किती मोठा ते कळेल. पण मी पगार मिळवते. माझ्या पगारावर धाकट्या भावाचे शिक्षण चालले आहे. 'पतीने मिळवलेले जपेन' ही प्रतिज्ञा मी घ्यायची आणि मी मिळवलेले जपण्याची प्रतिज्ञा कोणीच घ्यायची नाही? मी गुरुजींना म्हटले, "दोघांनी एकच प्रतिज्ञा घेऊ. दहाही दोघांनी घ्यायच्या."

गुरुजी म्हणाले, "नाही."

मला राग आला. एक भट गेला आणि त्याच्या जागी पांढऱ्या कपड्यातला दुसरा आला, असे मी त्यांच्या तोंडावर म्हटले नाही, पण घरी येऊन आईला म्हटले. आई म्हणाली, "तुझ्या बापाच्या नि माझ्या लग्नात त्यांनी सायकलवर येऊन लग्न लावलंय. परत जा नि नीट विचार."

दुसऱ्या खेपेला मी बाबासाहेबांचे पत्र घेऊन गेले. महापरिनिर्वाणाच्या अगदी आधीच्या दिवसांत लिहिलेल्या त्या पत्रात बौद्ध विवाहविधी थोडक्यात सांगितलेला आहे. होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मध्ये पाण्याने भरलेले नवे मातीचे भांडे, त्यात सोडलेले सूत दोघांच्या हातात, पांढरी वस्त्रे आणि कोणीतरी मंगलसुत्त म्हणावे. मी त्या 'कोणीतरी'वर बोट ठेवले. बाबासाहेबांनी पुरोहित नेमलेलाच नाही, मग तुम्ही आम्हाला शब्द बदलू देत नाही ते कोणत्या अधिकाराने?

गुरुजी उठले आणि आतून वह्या घेऊन आले. शाळेतल्या हजेरीसारख्या आखलेल्या चार वह्या. प्रत्येक लग्नाला एक ओळ नव्हे, एक पान. तारीख, गाव, वधूवरांची नावे, साक्षीदार, आणि खाली विधीचा क्रम, प्रत्येक पानावर तोच. त्रिशरण, पंचशील, सूत, मंगलसुत्त, प्रतिज्ञा, पुष्पवृष्टी. एक पान उघडून ते म्हणाले, "ही पोरगी. नवऱ्यानं पाच वर्षांत टाकली. हिनं पोटगी मागितली तर कोर्टात म्हणाला, हिच्याशी माझं लग्नच झालं नाही. मला साक्षीला बोलावलं. त्याचा वकील मला विचारतो, होम झाला का? सप्तपदी झाली का? नाही ना? मग लग्न कसलं? मी ही वही पुढं केली. म्हटलं, आमच्याकडं हेच असतं. ह्या लग्नात हेच झालं, ह्याच्या आधीच्या लग्नात हेच झालं, नंतरच्या लग्नातबी हेच झालं. पोटगी लागली तिला." थोडे थांबून म्हणाले, "पोरी, प्रत्येकानं आपापला विधी केला असता तर मी त्या दिवशी काय सांगितलं असतं?"

मी इतिहासाची पदव्युत्तर पदवी घेतली आहे आणि हे मला सुचले नव्हते.

घरी येऊन कायदा वाचला. 1955 चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. तो म्हणतो, विवाह दोघांपैकी कोणत्याही पक्षाच्या रूढ विधीने लावता येतो. आणि रूढी म्हणजे काय, तर दीर्घकाळ अखंडपणे आणि एकसारखी पाळलेली रीत. विचार करा. जो समाज 1956 साली शेकडो वर्षांची रीत नदीत सोडून बाहेर पडला, त्याने आपली रीत दीर्घकाळाची कशी दाखवायची? वर्षे उसनी आणता येत नाहीत. एकसारखेपणा मात्र माणसांच्या हातात होता, आणि तो या शाळामास्तरांनी वहीच्या पानापानाने जमवला. 1965 साली सुप्रीम कोर्टापुढे महाराष्ट्रातलेच भाऊराव लोखंडे यांचे प्रकरण आले. दुसरे लग्न आवश्यक त्या विधींनी लागल्याचे सिद्ध झाले नाही म्हणून द्विभार्येच्या गुन्ह्यातून नवरा सुटला. विधी काय झाला याला कोर्टात केवढे वजन असते ते यावरून कळते. विधी सैल असला की फायदा कोणाचा होतो तेही कळते.

तामिळनाडूने यावर वेगळी वाट काढली. पेरियारांच्या चळवळीतली स्वाभिमान लग्ने पुरोहिताशिवाय लागत. मद्रास हायकोर्टाने 1953 साली अशा एका लग्नाला मान्यता नाकारली. अण्णादुराईंच्या सरकारने 1967 साली कायद्यात नवे कलम घातले आणि आधी लागलेली अशी लग्नेही वैध ठरवली. नातेवाईक-मित्रांसमोर, दोघांना कळेल त्या भाषेत एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे सांगितले, किंवा हार, अंगठी किंवा ताली घातली की पुरे. फुल्यांचा महाराष्ट्र, आंबेडकरांचा महाराष्ट्र असे आपण व्यासपीठावरून म्हणतो. असे कलम महाराष्ट्राने केले नाही. आपल्या आमदारांना मोर्चात आपण पुष्कळ गोष्टी विचारतो. ही एक विचारायची राहून गेली.

तिसऱ्या खेपेला मी आणि हे दोघेही गेलो. आता भांडण नव्हते, काम होते. गुरुजींनी कागदावर मध्ये एक रेघ ओढली. रेघेच्या वर वहीतला क्रम, जसाच्या तसा, एकही शब्द न हलवता. "हे तुझ्या पुराव्याचं," ते म्हणाले. रेघेखाली आमचे. त्यात आम्ही दोघांनी एकमेकांशी बोलायचे होते. गुरुजींनी आमचे मसुदे शुद्धलेखनासारखे तपासले. यांच्या कागदावर 'मी तिला नोकरी करू देईन' असे वाक्य होते. गुरुजींनी 'करू देईन'खाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिले, 'देणारे तुम्ही कोण?' हे लाजले. माझ्या कागदातली चार मोठी वाक्ये त्यांनी काढली. म्हणाले, "हे तू विद्यार्थ्यांना सांग. नवऱ्याला काय सांगायचंय ते लिही." मी लिहिले की माझ्या पगाराचे आणि त्यांच्या पगाराचे पुस्तक एकत्र राहील, माझ्या भावाचे शिक्षण पुरे होईपर्यंत त्यातून खर्च होईल, आणि मला कोणी मारले तर मी त्या दिवशी घर सोडीन. शेवटचे वाक्य मांडवात म्हणावे की नाही यावर अण्णा आणि गुरुजी यांच्यात बरीच चर्चा झाली. ते राहिले.

उरल्या अक्षता. गुरुजी स्वतः सासूबाईंना भेटायला गेले. त्यांनी बुद्ध सांगितला नाही, बाबासाहेब सांगितले नाहीत. विचारले, "आक्का, तुमच्याकडं अक्षता कशाच्या?" सासूबाई म्हणाल्या, "जुंधळ्याच्या." "काढणीला गेला असाल." "जलम गेला." मग कोणी काही बोलेना. थोड्या वेळाने सासूबाईच म्हणाल्या, "खरं हाय. खुडताना पाठ मोडती, आन् लग्नात पायदळी तुडवायचा. फुलं घ्या." मुहूर्ताची गोष्ट मात्र हरलो. रविवार आम्ही ठरवला, पण घटिका त्यांनी एका ज्योतिषाला विचारून आणली आणि आम्ही त्याच वेळेला उभे राहिलो. आपल्या वस्तीतल्या किती पत्रिकांवर 'त्रिशरण पंचशील' आणि 'दुपारी 12 वाजून 35 मिनिटे' एकाखाली एक छापलेले असते ते पाहा म्हणजे यात सासूबाई एकट्या नाहीत हे ध्यानात येईल. हळदीचा बँड, भाड्याचा घोडा, कर्ज काढून केलेला हॉल हे सगळे परत आले आहे. दगडावर ठेवलेल्या पैशापेक्षा हा पैसा जास्त जातो.

लग्न लागले. मुक्ता साळवेचे नाव घेतले तेव्हा मातंग वस्तीतून आलेल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मी माझा कागद वाचताना माझा आवाज कापला. शेवटच्या वाक्याला मागच्या रांगेतून कोणी तरी बाईने टाळी वाजवली. एकीनेच. ती कोण होती ते मला अजून कळलेले नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही गुरुजींना घेऊन नोंदणीला गेलो. तोच कारकून होता. गुरुजींनी चष्मा पुसला, अर्जावरचा पुरोहिताचा रकाना शोधला, नाव लिहिले आणि पुढे 'बौद्धाचार्य, निवृत्त प्राथमिक शिक्षक' असे लिहून सही केली. कारकुनाने ते वाचले आणि शिक्का मारला. बाहेर आल्यावर मी पाकीट पुढे केले. गुरुजी दक्षिणा घेत नाहीत हे मला माहीत होते, म्हणून म्हटले, "निदान गाडीभाडं तरी घ्या."

"कशाला?" ते म्हणाले. "पंचाहत्तरी झाली माझी. एस.टी. फुकट आहे." आणि स्टँडकडे चालू लागले.